दीपमालाच्या काठीचा जोड

नेर,
९ नोव्हेंबर २०२३

जलालमियाँ,

जयभीम आणि सलाम.

पत्र पाहून दचकू नको, कोणी मेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद खराब करतो आहे. दर वेळी जुबैदा भाभी उचलते. कधी तू नमाजला गेलेला, कधी आंघोळीला, कधी खरादीच्या लेथ मशीनवर. परवा तर म्हणे झोपलेला. भर दुपारी! उमरखेडचा खरादी केव्हापासून नवाब झाला?

काम असं आहे. एसटीची ड्रायव्हरकी संपवून मी इथे कापूस बाजाराजवळ हॉल घेतला आणि त्यात बिलियर्डसारख्या पूलचं टेबल टाकलं, तेव्हा तू म्हणाला होतास, "म्हातारपणी गोट्या खेळाले बसला का रे?" त्या गोट्यांनी माझ्या घरात भलतंच करून ठेवलं. आमची धाकटी दीपमाला कॉलेजातून आली की हॉल सांभाळायची. सांभाळता सांभाळता खेळायला लागली, आणि आता नेरातली पोरं तिच्यासमोर टेबलाला उभी राहायला कचरतात. मागे अमरावतीला जिंकून आली. जानेवारीत निवडीची पहिली फेरी आहे, मार्चअखेर नागपूरला शेवटची. त्यातून राज्याच्या संघात गेली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येतो, असं ती म्हणते. घरात एवढी एकच आशेची गोष्ट आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

ती खेळते ती काठी, क्यू म्हणतात तिला, नागपुरातून जुनी घेतलेली. दोन तुकड्यांची आहे. मधे पितळी बांगड्या आणि पेच. तो जोड ढिला होतो. चार-पाच फटके मारले की हातात 'कट्' वाजतं आणि पांढरा बॉल पाठवला तिकडे जात नाही. इथला वेल्डिंगवाला म्हणाला, "काका, गोंद टाकून कायमचा चिपकवून देतो." म्हटलं, थांब, आधी तुझं तोंड चिपकवतो.

काठी मारोती कंडक्टरजवळ देतो आहे. पत्र तिच्या कव्हरात आहे, उत्तरही त्यातच टाक. सोबत एक पुडी खर्रा पाठवणार होतो, आता मीच काउंटरवर सुपारी-तंबाखू-चुना घोटून विकतो. नुसत्या टेबलावर हॉलचं भाडं निघत नाही. पण मारोती ती पुडी दिग्रसच्या आतच संपवेल, म्हणून राहू दिली. तुझ्या दुकानात बसून आपण एक पुडी अर्धी अर्धी करायचो, त्याची मजा विकण्यात नाही.

तुझा,
उकंडा

•

उमरखेड,
१६ नोव्हेंबर २०२३

उकंडा,

सलाम. काठी मिळाली.

पेच चांगला आहे. तो ज्या लाकडात बसवला ते भोक मोठं झालं होतं, म्हणून पेच मुळापासून डुलत होता. पेच काढून रॉकेलमध्ये टाकला. भोकात धावड्याच्या लाकडाचा खुंटा ठोकला, मशीनवर धरून नव्याने भोक पाडलं, दोन नळ्यांचा गोंद भरून पेच सरळ बसवला. दोन्ही बांगड्यांची तोंडंही घासून सपाट केली. दोन दिवस खेळू देऊ नको.

खर्रा पाठवू नको. मी सोडला.

फोनवर माझा आवाज नीट जात नाही. लिहीत जा. तुझं अक्षर अजून बसच्या खिडकीतून थुंकल्यासारखंच आहे, पण वाचता येतं.

दीपमालाला दुआ.

जलाल

•

नेर,
११ डिसेंबर २०२३

जलालमियाँ,

खर्रा सोडला म्हणे! कांतेला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पाहा, शिका काही." बायकांच्या हातात असं कोलीत देत जाऊ नको.

आता मूळ दुखणं. जोड पुन्हा ढिला झाला. आठ-दहा दिवस असा राहिला की जणू एकसंध काठी. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होतो, माझ्या दोस्ताचा हात आहे हा. आणि परवा भर गर्दीत 'कट्'! पोरं हसली. खोटं कशाला सांगू, मला तुझ्यावर राग आला. तुझ्या हाताला म्हातारपण आलं असेल तर तसं लिही, मी समजून घेईन.

काळजी घेण्यात आमच्याकडून कसूर नाही. ती काठी दीपमाला स्वतः जोडत नाही. मीच जोडून देतो. अमरावतीला पहिल्यांदा मी जोडून दिली आणि ती जिंकली, तेव्हापासून तसाच रिवाज पडला. तिचा खेळ असला की मी काउंटरवर खर्रा घोटत असलो तरी घोटायची पन्नी तशीच टाकून उठतो, हात पँटला पुसतो आणि काठी जोडून तिच्या हातात देतो. ती पाया पडल्यासारखं करते, मी "जा वं माय" म्हणतो, आणि मग खेळ सुरू. तू हसशील. हस.

आमच्याकडे बाकी काही नवीन नाही. कांतेने मिरची फार टाकायला सुरुवात केली आहे. घास तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी. बोललो तर म्हणते, "तिखट तेवढंच हाय जी, तुमचं तोंड बदललं." मी भाकर चहात बुडवून खातो, म्हणजे भांडण नको. वरून ही अक्कलदाढ. या वयात अक्कल येऊन राहिली, त्यामुळे कानापर्यंत ठणका.

काठी पाठवतो आहे. या वेळी नीट कर.

उकंडा

•

उमरखेड,
१८ डिसेंबर २०२३

उकंडा,

हाताला म्हातारपण आलेलं नाही. जे आलं आहे ते दुसरीकडे आलं आहे, ते जाऊ दे.

खुंटा जागच्या जागी होता. पेचही हललेला नव्हता. तरी जोड ढिला होतो म्हणजे पेच आत जातो, पण बांगडीला बांगडी टेकत नाही. केसाएवढी फट राहिली की प्रत्येक फटक्याला पेच थोडा थोडा फिरतो.

आमच्याकडे वडिलांपासून सवय, पेच आला की आधी रॉकेलच्या डब्यात. बाहेर काढला तेव्हा डब्याच्या तळाशी गाळ दिसला. निळा होता, तुमच्या काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा असणार. ती पूड पेचाच्या आट्यांत जाऊ देऊ नका. पितळेचा नवीन पेच कातून बसवला आहे, थोडा घट्ट. मधे पातळ चामड्याची चकतीही टाकली.

तिखटाचं किती दिवसांपासून आहे?

जलाल

•

नेर,
२२ जानेवारी २०२४

जलाल,

तिखटाचं सोड. तुला तिखटाची पडली आहे आणि माझ्या पोरीचं वाटोळं होता होता राहिलं.

पहिली फेरी झाली. निघताना काठी मी जोडून पाहिली, घट्ट होती. तिथे गेल्यावर पुन्हा मीच जोडून दिली. शेवटचा काळा बॉल राहिला होता, सरळ होता, नेरातलं शेंबडं पोरगंही घालेल असा. तिने मारला आणि काठी हातात फिरली. बॉल पॉकेटच्या ओठावर जाऊन थांबला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती काठीकडे पाहत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे डाव तिने यवतमाळच्या एका मुलीची काठी मागून घेऊन खेळले आणि कशीबशी वर निघाली. नागपूरला जाणार आहे. पण मागून आणलेल्या काठीवर राज्याचा संघ मिळत नसतो. आणि नवीन काठी घ्यायची आमची ऐपत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या खरादीवर भरवसा ठेवला ही माझी चूक. खडूचं म्हणशील तर दीपमाला खडू काठीच्या टोकाला लावते, जोडाला नाही. तेवढी अक्कल तिला आहे.

शेवटची वेळ म्हणून पाठवतो आहे.

उकंडा

•

उमरखेड,
३० जानेवारी २०२४

उकंडा,

चूक माझी आहे. मी पेच दोन्ही वेळा न पाहताच रॉकेलमध्ये टाकला. दोष त्यातच धुऊन जात होता.

या वेळी कोरडाच उघडला. सुईने एकेक आटा कोरून पांढऱ्या कागदावर झाडला. खडू थोडाच निघाला. बाकी सगळा तपकिरी चुरा, त्यात पांढरे कण. चुन्याने पितळ हिरवं पडलं आहे. वास घेतला. तो वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. सुपारी, तंबाखू, चुना. घोटलेला खर्रा आहे.

काठी साफ केली. जोड चांगला आहे, पहिल्यापासून चांगला होता. आट्यांत काही गेलं नाही तर तो तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

आता जे लिहितो ते रागावू नको. दीपमाला खर्रा खाते. आजकाल पोरीही खातात, आमच्या मोहल्ल्यातही आहेत. काउंटरवर पडलेला असतो, हात जातो. तिला रागे भरू नको, मारू तर मुळीच नको. फक्त तोंड उघडायला सांग आणि तिची स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांच्या मधून आत घालायला लाव. गेली तर अल्लाचे आभार मान आणि खर्रा बंद कर. नाही गेली तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. नागपूरची स्पर्धा वगैरे मग पाहू.

लवकर कळव.

जलाल

•

नेर,
५ फेब्रुवारी २०२४

जलाल,

तुझं पत्र मी हॉलमध्ये उभ्यानेच वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. स्वतःला पेच बसवता येत नाही तो नाही, वर माझ्या पोरीवर आळ! नाचता येईना, अंगण वाकडं.

दीपमाला सुपारीचं खांड तोंडात घेत नाही. माझ्या काउंटरवर बसते म्हणून तिच्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मी ऐकून घेतो, कारण ते लोक आहेत. तू कोण होतोस? आणि कोणत्या तोंडाने बोलतोस रे हे? सकाळी शटर उघडण्याआधी पुडी लागायची तुला. आयुष्यभर खाल्लास, आज सोडलास आणि हाजी झालास.

तरी तुझं समाधान व्हावं म्हणून तिला सांगितलं. तिने हसत हसत तीन बोटं घातली. मग चौथंही घालून दाखवलं. नंतर मला म्हणते, "बाबा, आता तुमी घाला." म्हटलं, मले कायले? गिऱ्हाईक खोळंबलं आहे.

काठी मिळाली. आता ढिली झाली तर वेल्डिंगवाल्याकडे टाकीन, पण उमरखेडला पाठवणार नाही. पत्रही नको.

उकंडा

•

उमरखेड,
१० फेब्रुवारी २०२४

उकंडा,

पत्र नको म्हणालास तरी लिहितो. जुबैदाकडून मारोतीला सांगवलं आहे, तुझ्या हातात दे आणि वाचेपर्यंत उभा राहा.

तू विचारलंस, कोणत्या तोंडाने. ऐक. गेल्या उन्हाळ्यात माझी अर्ध्याहून जास्त जीभ काढली आणि डावीकडचा जबडाही. मांडीचं मांस घेऊन गाल शिवला आहे. मी बोलतो ते फक्त जुबैदाला कळतं. तिलाही अर्धंच कळतं, बाकीचं ती कळल्यासारखं करते. नमाज, आंघोळ, झोप हे सगळं मीच तिला सांगायला लावलं होतं, मारोतीसमोरही तिलाच पाठवतो. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास, मला हसवलं असतंस, आणि मला आता हसता येत नाही.

पोरगी खात नाही, हे वाचून मी शुक्राना पढलो. तिची माफी माग माझ्या वतीने.

पण चुरा तर खरा आहे. मग तो आला कुठून? तुझी सगळी पत्रं काढून बसलो. तूच लिहिलं आहेस. काठी तू जोडतोस. घोटता घोटता उठतोस, हात पँटला पुसतोस आणि पेच धरतोस. सुपारी आणि चुना तुझ्या बोटांवरून आट्यांत जातो. म्हणूनच तुझ्या रिवाजाने जोडलेली काठी ढिली होते. एवढंच त्या जोडाचं दुखणं, आणि ते साबणाने बरं होणारं आहे.

त्याच पत्रात तू लिहिलं आहेस की भाजी झोंबते, भाकर चहात बुडवून खातोस, कानापर्यंत ठणकतं. मी ते तेव्हाही वाचलं होतं. माझं असंच सुरू झालं होतं, मी जुबैदावर ताट भिरकावलं होतं. तुला तिखटाचं विचारलं, तू झिडकारलंस, आणि मीही भ्यालो म्हणून पुन्हा विचारलं नाही. पोरीचा संशय घेणं मला सोपं गेलं.

उकंडा, आरशासमोर उभा राहा. तीन बोटं. आज.

सोबत मऊ कापड पाठवतो आहे, पेच पुसायला.

जलाल

•

नेर,
४ मार्च २०२४

जलाल चाचा,

जयभीम. मी दीपमाला. बाबा लिहायला बसले होते, पण दोन ओळी झाल्या की कागद फाडतात, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र मारोतीकाकांनी दिलं, त्या दिवशी बाबांनी ते वाचून खिशात घातलं. संध्याकाळी हॉल झाडताना मी पाहिलं, ते भिंतीवरच्या आरशासमोर पाठमोरे उभे होते. मी मागे जाऊन उभी राहिले. एक बोट गेलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. ते जोर लावत होते, चाचा. हाताने जबडा खाली ओढत होते. मग त्यांना आरशात मी दिसले. म्हणाले, "थंडीनं आखडलं असन." मी आईला हाक मारली.

उजव्या गालाच्या आत जखम आहे. ती दिवाळीच्या आधीपासून होती, त्यांनी आम्हाला दाखवलीच नव्हती. यवतमाळला दाखवलं, तिथून नागपूरला. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, आणि जिभेपर्यंत गेला आहे. मार्चअखेर ऑपरेशन आहे. माझी निवड फेरी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून. मी म्हटलं, मी नाही खेळत. बाबा एवढे ओरडले की शेजारचे धावून आले.

खर्रा बंद केला. काउंटरवरचा घोटायचा पाट आणि पन्न्या आईने चुलीत घातल्या. गिऱ्हाईक निम्मं झालं. काठी मी सध्या स्वतः जोडते, आधी हात धुते. ती ढिली होत नाही. बाबा हे लांबून पाहतात आणि मान फिरवतात, मला ते बघवत नाही.

माझी माफी मागायची गरज नाही. तुम्ही माझ्यावर संशय घेतला नसता तर तीन बोटांचं आमच्या घरात कोणाला कळलंच नसतं.

तुमची,
दीपमाला

•

नेर,
१४ मार्च २०२४

जलाल,

पाच पत्रं फाडली, हे सहावं. काय लिहावं सुचत नाही, म्हणून कामाचंच लिहितो.

तू मागे आमच्याकडे आला नाहीस आणि मी तिकडे आलो नाही. तू एकटाच सहन केलंस. मला कळवायला हवं होतंस, गाढवा. हसवलं नसतं, नुसता बसलो असतो.

सध्या मी फार बोलतो. आयुष्यात बोललो नाही एवढं बोलून घेतो आहे. बस स्टँडवर जातो, ओळख नसलेल्यांना धरून जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगतो. कांता आधी वैतागायची, आता स्वयंपाक सोडून समोर येऊन बसते. परवा तिला म्हटलं, तुझ्या मिरचीवर मी उगाच आळ घेतला. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

डॉक्टर म्हणतात, जीभ किती ठेवता येईल ते आत गेल्यावर कळेल. म्हणजे ठेवणार नाहीत.

एक विचारायचं आहे, ते घरी कोणाला विचारता येत नाही. आत नेण्याआधी तू शेवटचं काय बोलला होतास?

उकंडा

•

उमरखेड,
१७ मार्च २०२४

उकंडा,

वॉर्डबॉयने विचारलं, चप्पल कुठे ठेवू. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे तिथंच."

तेवढंच. साठ वर्षं बोललो आणि शेवट चपलेवर झाला. जुबैदा दाराशी उभी होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण वाटलं, तासाभराने म्हणू. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा म्हणायला गेलो आणि जे बाहेर पडलं ते ऐकून ती बाहेर निघून गेली. मग पाटी-पेन्सिल घेऊन आली.

तू आधी ठरवून ठेव. लांबलचक नको, तुला मध्येच विनोद करायची खोड आहे. ज्याला म्हणायचं त्याच्याकडे पाहून म्हण. आणि चप्पल आधीच काढून कांतावहिनीकडे देऊन टाक.

मी तुझ्यासाठी दुआ मागतो आहे. आवाज निघत नाही, पण तो ऐकत असेल.

जलाल

•

नेर,
१५ एप्रिल २०२४

जलाल चाचा,

काल बाबासाहेबांची जयंती झाली. दरवर्षी बाबा मिरवणुकीत सगळ्यात पुढे ओरडत असायचे. यंदा मिरवणूक आमच्या घरासमोर आली आणि पोरांनी बँड थांबवला. आईने दार लावून घेतलं.

तुम्हाला फोनवर मारोतीकाकांकडून कळलंच आहे. ऑपरेशन ठीक झालं असं डॉक्टर सांगत होते. पाच-सहा दिवसांनी छातीत कफ भरला, श्वास लागला, आणि बाबा गेले. त्या दिवसांत ते बोलले नाहीत, पाटीही मागितली नाही. माझा हात धरून ठेवायचे.

मी तुम्हाला ऑपरेशनच्या आधीचं सांगायला लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांच्या शर्टच्या खिशात होतं. आत न्यायला माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे काठीचं कव्हर मागितलं. मी म्हटलं, बाबा, मी जोडते. त्यांनी मान हलवली. उठून बेसिनपाशी गेले. साबण घेऊन हात धुतले, मनगटापर्यंत, नखांच्या आतूनसुद्धा. तो माणूस घाई करत होता, त्यांनी लक्ष दिलं नाही. हात धुऊन परत आले, तुम्ही दिलेल्या कापडाने पेच पुसला, भोकात फुंकर मारली आणि काठी जोडली. मग दोन्ही हात आधी उलटे, मग सुलटे करून मला दाखवले. जेवायला बसण्याआधी लहान मुलं दाखवतात तसे.

म्हणाले, "धुतले वं माय हात. जा आता, खेळ."

आईकडे पाहून हसले. चपला आईच्याच हातात होत्या. मग आत गेले.

मी काठी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तशीच ऑटोत घेऊन गेले, अर्धी बाहेर. ऑटोवाला चिडत होता. तीन दिवस खेळले. जोड एकदाही हलला नाही, चाचा. मी निवडले गेले नाही. तीन मुली घेतल्या, मी चौथी. शेवटचा डाव मी माझ्या चुकीने हरले, काठीचा दोष नव्हता. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. त्यांना नीट कळलं की नाही, माहीत नाही.

काठी अजून जोडलेलीच आहे. हॉलच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली आहे. हॉल बंद आहे. आई म्हणते, उघडून कव्हरात ठेव, धूळ बसते. मला ती उघडवत नाही. बाबांच्या हातचं शेवटचं तेच आहे. उघडली की ते मीच मोडल्यासारखं होईल.

काय करू?

दीपमाला

•

उमरखेड,
१९ एप्रिल २०२४

बेटा दीपमाला,

तुझं पत्र जुबैदाने मला वाचून दाखवलं. मला वाचता येतं, पण डोळे चालले नाहीत. ती मध्ये थांबली, मग मी वाचलं, मग पुन्हा तिने. असं करत संपवलं.

काठी उघड.

कोपऱ्यात तिरकी उभी आहे ना? तुमच्या हॉलवर पत्रे आहेत. मे महिना आला की दोन्ही दांडे वाकतील, आणि वाकलेली काठी मला सरळ करता येत नाही, कोणालाच येत नाही. पितळही पितळाला धरून बसेल. मग कधी उघडायची म्हटलं तर पकडीने पिळावी लागेल आणि त्यात बांगडी फाटेल. तुझ्या बाबाने जोडलेलं तेव्हा मोडेल, आता उघडून मोडणार नाही. त्याने ती खेळायला जोडून दिली होती. तसं तो बोललाही.

मी त्याला लिहिलं होतं की ठरवून बोल. त्याने माझं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

उघडल्यावर दोन्ही तुकडे आडवे ठेव. आट्यांत पाहा, तिथे काही नसेल. मग टेबलावरचं कापड झाड आणि हॉल उघड. पुढच्या वर्षी पुन्हा निवड होईल, तेव्हा तू चौथी राहायची नाहीस.

गिऱ्हाईक नाही म्हणून कोणी सांगेल की काउंटरवर पुन्हा पुड्या ठेव. घरी बाई-माणूस एकटं पाहून जास्तच सांगतील. तुझी आई हो म्हणत असेल तर मी काही दिवस नेरला येऊन काउंटरवर बसतो. ऑपरेशननंतर मी उमरखेडच्या बाहेर पडलेलो नाही. तोंडावर रुमाल बांधून फिरतो. तिथे बांधणार नाही. पोरांनी पुडी मागितली की मी नुसतं वर पाहीन.

मारोतीजवळ निरोप दे. आणि काठी पुन्हा जोडशील तेव्हा तू स्वतःच जोड, आधी हात धुऊन.

तुझा,
जलाल चाचा